ऑर्गनवर : के. मूडी

कुमुदकाकू पहिल्यांदा आमच्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा मी माफी मागायची तयारी करूनच दार उघडलं होतं. शनिवारची दुपार होती आणि अबुधाबीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ‘डेझर्ट थंडर’ या आमच्या बँडची प्रॅक्टिस चालू होती. बँड म्हणजे आम्ही तिघं. गिटारवर मी, बेसवर बँकेतला अनिल आणि ड्रमवर मुसाफाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपचा फोरमन शिंदे. अबुधाबीत ढगांचा गडगडाट वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी होतो, आमचा दर शनिवारी व्हायचा. त्यामुळे बेल वाजली की कोण आलं असेल असा प्रश्न मला पडत नसे. किती चिडून आलं असेल, एवढाच पडे. वरच्या मजल्यावरचे इजिप्शियन गृहस्थ, खालची केरळी नर्स, एकदा तर इमारतीचा नातूर, म्हणजे रखवालदार, स्वतः, सगळ्यांना “सॉरी हबीबी, लास्ट साँग” म्हणायची मला सवय झाली होती.

दारात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायांत पांढरे स्पोर्ट्‌स शूज, डावा हात पदराखाली.

“मी समोरच्या मंदार सबनीसची आई. गेल्या आठवड्यात पुण्याहून आले,” त्या म्हणाल्या.

“सॉरी काकू, आवाज कमी करतो.”

“आवाजाचं कोण बोलतंय? तुमचा ड्रमवाला सातव्या मात्रेला घाबरतो. सहापर्यंत नीट येतो आणि पळून जातो. मी तिकडे वरण ढवळतेय आणि दर वेळी माझा डाव मध्येच थांबतोय. हे काही बरं नाही.”

आम्ही सात मात्रांचं एक इंग्रजी गाणं बसवत होतो. ते मीच निवडलं होतं. कठीण गाणं वाईट वाजलं तर ते कठीण असल्यामुळे वाईट वाजलं असं म्हणता येतं. सोप्या गाण्यात ती सोय नसते. बाई सरळ आत आल्या आणि उजव्या हाताने सोफ्याच्या दांडीवर रूपक ताल धरून मोठ्याने म्हणू लागल्या, “ती ती ना, धी ना, धी ना.”

शिंदे मूळचा कऱ्हाडकडचा, गावच्या ताशा पथकात वाढलेला. तो म्हणाला, “काकू, आमच्याकडं समदं दोन न् चारात असतंय. ह्यो सातवा कुठनं आला?”

“पाहुणा आहे तो. तू त्याला दारातच उभा करतोस. आत घे, बसायला दे, मग तो त्रास देत नाही.”

आणि खरंच, थोड्या वेळात शिंद्याने त्या पाहुण्याला आत घेतलं. मग काकू माझ्याकडे वळल्या. मी माझी सगळ्यात भारी लकेर त्यांना वाजवून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि अत्यंत प्रेमाने विचारलं, “अभय, तू गिटार वाजवतोस की तिची समजूत काढतोस?”

त्या दिवसापासून त्या दर शनिवारी यायला लागल्या. आठवडाभर मुलगा आणि सून ऑफिसला, नात अमेरिकेत शिकायला, नवरा जाऊन तीन-चार वर्षं झालेली. दिवसभर त्या एसीच्या घरघरीत एकट्या असायच्या. “त्या एसीचा सूर काळी दोन आहे,” त्या सांगायच्या, “आणि फ्रिजचा पांढरी तीन. दोघांचं जमत नाही. मी मध्ये बसून असते.” इथे आल्यावर शिकलेले अरबी शब्द त्या मुक्तहस्ताने वापरत. शिंदे चुकला की “खलास!” आणि पुन्हा सुरुवात करायची झाली की “यल्ला, यल्ला!” मी चुकलो की मात्र शुद्ध मराठीत बोलत, कारण माझ्या चुकांना कुठल्याच परक्या भाषेत शब्द नव्हते.

एकदा चहा पिताना अनिलने विचारलं, “काकू, तुम्ही गाणं कुठे शिकलात?”

“वडील मिरजेला कीर्तनकारांच्या साथीला पेटी वाजवायचे. ती शिकले. मग इंग्लंडला बँडमध्ये होते.”

आम्हाला वाटलं, बँड म्हणजे तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा वगैरे. “नाही रे,” त्या म्हणाल्या, “साहेबांचा. प्यूटर हेरॉन. म्हणजे कथलाचा बगळा. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायचे त्याला.”

आता इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी एका तेल कंपनीच्या कंत्राटदाराकडे खरेदी विभागात आहे. पाइप, व्हॉल्व आणि गास्केट मागवणं हे माझं काम. पण कॉलेजपासून माझी अशी समजूत होती, की सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश रॉकमधलं आपल्याला माहीत नाही असं काही नाही. मित्रांच्या पार्ट्यांमध्ये मी या विषयावर बोलायला लागलो की बायका मुलांना झोपवायला उठत, आणि ज्यांना मुलं नव्हती त्याही उठत. तेव्हा मला माहीत नसलेला बँड म्हणजे नसलेला बँड, असा माझा साधा हिशेब होता. शिवाय इतके शनिवार येऊनही काकूंनी आमच्या कोपऱ्यात पडून असलेल्या अनिलच्या कीबोर्डला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी रात्री रश्मीला, म्हणजे माझ्या बायकोला, समजूतदारपणे म्हणालो, “वयाने होतं असं. माणूस गोष्टी रचतो.” रश्मी म्हणाली, “तू तर चाळिशीतच सुरुवात केलीस.”

तरीही मी शोधलं. विसरल्या गेलेल्या बँडांना वाहिलेल्या एका वेबसाइटच्या तळाशी प्यूटर हेरॉन सापडला. जेमतेम दीड वर्ष टिकलेला, उत्तर इंग्लंडमधला, एकच रेकॉर्ड. गिटार डेरेक, ड्रम कॉलिन, आणखी दोन नावं आणि ‘ऑर्गन : के. मूडी’. त्याखाली जगभरच्या आठ-दहा भक्तांची चर्चा. के. मूडी म्हणजे कीथ मूडी असावा, तो वेल्सचा होता, नाही, स्कॉटलंडचा, रेकॉर्ड झाल्यावर तो एका मठात गेला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही.

मी लॅपटॉप घेऊन विजयी मुद्रेने समोरच्या फ्लॅटमध्ये गेलो. “काकू, बँड आहे. पण तुमचं नाव नाही त्यात.”

त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि इतक्या जोरात हसल्या की आतून मंदारची बायको बघायला आली. “डेरेकने रेकॉर्ड कंपनीला फोनवर माझं नाव सांगितलं, कुमुद. तिकडे लिहिणाऱ्याने लिहिलं, के. मूड. छापणाऱ्याला वाटलं शेवटचा वाय राहिला असेल. बिचारा. त्याने आपल्या पदरचा घातला.” मग पुढचं वाचून त्या गंभीर झाल्या. “मठात कुठे गेले मी? पुण्याला गेले.”

मग त्या आमच्याकडे आल्या आणि कीबोर्डसमोर बसल्या. वेबसाइटवर रेकॉर्डचा एक तुकडा ऐकायला ठेवलेला होता आणि तो मी आदल्या रात्री ऐकला होता. एक लांब, चढत जाणारी, मध्येच मुरडून खाली येणारी ओळ, आणि ती मुरड ऐकताना मला उगीचच कीर्तनाची आठवण झाली होती. काकूंनी तीच ओळ उजव्या हाताने जशीच्या तशी वाजवली. डावा हात पदराखालीच होता.

“आणि डावा?” मी विचारलं.

त्यांनी पदर बाजूला केला. हात मांडीवर होता आणि थरथरत होता, जसं पाण्याखाली काही तरी हलावं तसा. “कंपवात. उजव्यालाही येईल म्हणतात. म्हणून मी कीबोर्डजवळ जात नव्हते. अर्धं वाजवायला लाज वाटते.”

माणूस गोष्टी रचतो म्हणणारा मी त्या वेळी कुठे बघत होतो, ते मला आठवत नाही. बहुधा गालिच्याकडे.

त्यानंतरच्या शनिवारी प्रॅक्टिस थोडी आणि कथलाच्या बगळ्याचा इतिहास जास्त, असं सुरू झालं. काकू तो सांगत तेव्हा सगळ्यात जास्त स्वतःवर हसत. त्या आणि डॉक्टर (नवऱ्याला त्या शेवटपर्यंत डॉक्टरच म्हणायच्या) तेव्हा एका गिरण्यांच्या गावात राहत होते. डॉक्टर हॉस्पिटलात ज्युनियर, त्यामुळे रात्रंदिवस ड्यूटी. पंचविशीतल्या काकू घरात एकट्या. शेजारच्या गॅरेजमध्ये चार पोरं रोज संध्याकाळी धिंगाणा घालायची. महिनाभर सोसल्यावर त्या तक्रार करायला गेल्या.

“माझं इंग्रजी तेव्हा ‘थँक यू’ आणि ‘नो बीफ’ एवढंच. त्यातलं एकही त्या प्रसंगाला लागू नव्हतं. मग मी टाळ्या वाजवून त्यांना सांगितलं, की सातवी मात्रा खाताय. त्यांचा ऑर्गन वाजवणारा मुलगा हिशेबनीस व्हायला निघून गेला होता. ऑर्गनवर चहाचे कप ठेवलेले होते. मी कप उचलून खाली ठेवले आणि बसले. एवढाच माझा इंटरव्ह्यू.”

डेरेक हा पुढारी. कमरेपर्यंत केस, डोक्यात तत्त्वज्ञान. कॉलिन ड्रमवर, दिवसा तो बेकरीची गाडी चालवायचा, त्यामुळे बँडचं पोट त्याच्यावर होतं. काकू साडीवर डॉक्टरांचे लोकरी मोजे आणि कार्डिगन घालून ऑर्गनवर बसायच्या. घरी त्यांनी सांगितलं होतं, की इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासला जाते. “खोटं नव्हतं ते. माझं इंग्रजी तिथेच सुधारलं. फक्त कुठलं सुधारलं ते मला कळत नव्हतं. ती पोरं प्रत्येक वस्तूच्या आधी एक शब्द लावायची. मला वाटलं, हा ‘कृपया’सारखा असणार. डॉक्टरांच्या साहेबांकडे जेवायला गेलो, तिथे मी साहेबांच्या बायकोकडे फार अदबीने ब्लडी मीठ मागितलं.”

“मग?” शिंद्याने डोळे विस्फारले.

“दिलं की तिने. लगेच दिलं.”

बँड गावोगावच्या पबमध्ये वाजवायचा. “आम्ही सुरू झालो की लोक डार्ट खेळायला उठायचे. पण डार्टचा फळा आमच्या मागच्या भिंतीवर असायचा, म्हणून तोंड तरी आमच्याकडे असायचं.” अशाच एका पबमध्ये एका संध्याकाळी हॉस्पिटलातले डॉक्टर कोणाच्या तरी निरोपसमारंभाला आले. त्यांत डॉक्टर सबनीस होते. ग्लास हातात घेऊन त्यांनी समोर पाहिलं, तर बायको मोरपिशी साडीत ऑर्गनवर. ते उठले नाहीत, ओरडले नाहीत. पूर्ण कार्यक्रम बसून ऐकला. घरी परतताना एवढंच म्हणाले, “तुमचे सर फार मोठ्याने शिकवतात.”

“रागावले नाहीत?” रश्मीने विचारलं.

“नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी जाड मोजे आणले. त्यांचे ताणले जात होते.”

रेकॉर्ड झाली. तिच्या दुसऱ्या बाजूवर सबंध एकच रचना होती. बगळा मरतो, त्याचा न्याय होतो, तो नदी ओलांडतो, असे एकेक भाग. “मी डेरेकला म्हटलं, हे आमच्याकडे भटजी तेराव्याला सांगतात. त्याला एवढा ऑर्गन लागत नाही.” पाचवा, शेवटचा भाग रेकॉर्डवर आलाच नाही. चौथ्यापाशी जागा संपली. “बाजू संपली, बगळा उरला.” रेकॉर्ड विकली गेली नाही, वाटली गेली. कॉलिनने काही प्रती लग्नाच्या आमंत्रणाबरोबर दिल्या. काकूंची स्वतःची प्रत पुण्याच्या एका उन्हाळ्यात वाकली.

मग डेरेक आणि कॉलिन यांचं पाचव्या भागावरून वाजलं. डेरेकला तो अजून लांबवायचा होता, कॉलिनला शेवटची बस गाठायची होती. मंदारच्या वेळी काकू हॉस्पिटलात होत्या. बाळाला घेऊन घरी आल्यावर, चार दिवस गॅरेजमधून आवाज आला नाही, म्हणून त्या बघायला गेल्या. दार उघडं होतं. ऑर्गन नव्हता, ड्रम नव्हते, वायरी नव्हत्या. जमिनीवर तेलाचा डाग तेवढा होता.

“बँड मोडल्याचं मला गॅरेजने सांगितलं,” काकू म्हणाल्या. त्या वेळी त्या हसल्या नाहीत. “चौघांपैकी एकाने यायचं होतं रे. भांडण त्यांचं होतं. मी काय केलं होतं? आणि तो पाचवा भाग. तो तर सगळा ऑर्गनचाच होता. एकदाही लोकांसमोर वाजला नाही.”

मग शिंदे उठून ड्रमजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, “काकू, वाजवू की आपण. यल्ला!”

महाराष्ट्र मंडळाचा वार्षिक मेळावा दोन महिन्यांवर होता. मी सेक्रेटरी देशमुखबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “अभय, पैठणी फॅशन शो आणि लकी ड्रॉ यांच्या मध्ये सहा मिनिटं आहेत. सुटसुटीत काही तरी करा. मागच्या वर्षीसारखं नको.” पाचवा भाग अकरा मिनिटांचा होता. मी सहा म्हणजे अंदाजे असं गृहीत धरलं. खरेदी विभागात आम्ही डिलिव्हरीच्या तारखा अशाच गृहीत धरतो.

मंदारला हे अजिबात पसंत नव्हतं. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “अभय, प्लीज एन्करेज करू नकोस. आईचा हात बघतोयस ना? स्टेजवर काही झालं तर? लोक हसतील.” काकू मागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “हसू देत की. गेल्या पन्नास वर्षांत कोणी रडलंही नाही.” मंदारचा चेहरा उतरला, आणि त्याचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. आईची शोभा झालेली कोणाला बघवेल?

प्रश्न डाव्या हाताचा होता. काकूंनी तो एका वाक्यात सोडवला. “माझा डावा हात अभय होईल.”

“पण काकू, माझी गिटार?”

“तीही सुटेल रे बिचारी.”

अशा रीतीने ‘डेझर्ट थंडर’चा संस्थापक आणि मुख्य गिटारवादक काकूंच्या डावीकडे त्याच बाकावर बसून कीबोर्डच्या खालच्या चार पट्ट्या वाजवू लागला. चारच पट्ट्या, पण त्या सातात फिरत राहायच्या, आणि वर काकूंचा उजवा हात मनाला येईल तिथे भटकून दर वेळी बरोबर माझ्यापाशी परत यायचा. मी मात्र जागेवर नसायचो. “तुझं काम दिव्यासारखं आहे,” त्या सांगत, “तू एका जागी राहा. मी अंधारात जाऊन येते.” मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली मांडीवर सात मोजू लागलो. एकदा मॅनेजरने विचारलं, “अभय, एनी इश्यू?” मी म्हणालो, “धी ना.” त्याला ते एखाद्या सप्लायरचं नाव वाटलं.

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. पैठण्या एकेक करून विंगेत गेल्या आणि निवेदिकेने जाहीर केलं, “आता ऐकू या एक सुंदर इंग्रजी भजन.” टाळ्या पडल्या. भजन म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या दोन आजींनी चपला काढल्या. मी बाकावर बसलो आणि मला जाणवलं, की माझ्या चारही पट्ट्या कीबोर्डवर नाहीत. होत्या, पण मला दिसत नव्हत्या.

काकू सुरू झाल्या. पहिली दोन-तीन मिनिटं लोकांनी कुतूहलाने ऐकलं. मग कोणी तरी वाऱ्यासाठी कार्यक्रमपत्रिका हलवायला लागलं, मुलं पळू लागली, आणि मागच्या दारातून मसालेभाताचा वास आला. विंगेतून देशमुखबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवू लागल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझे सात हरवले. एकदा हरवले की मग सगळंच सारखं दिसतं. माझा हात थांबला. शिंदे मागून घाबऱ्या नजरेने बघत होता, मंदार दुसऱ्या रांगेत अर्धवट उठला होता.

काकूंनी माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. पदराखालून त्यांचा डावा हात बाहेर आला आणि माझ्या हातावर पडला. तो हात थरथरत होता, त्याच्यावर त्यांचा ताबा नव्हता, पण दंडापासून त्या तो दाबत होत्या, सोडत होत्या, पुन्हा दाबत होत्या. त्या थरथरण्याच्या आत मला माप सापडलं. मी पुन्हा वाजवायला लागलो. त्यांनी हात काढला नाही. शेवटपर्यंत तो तिथेच होता, आणि सभागृहातल्या सगळ्यांना तो दिसत होता.

अकरा मिनिटांनी बगळा संपला. पण तो संपला हे कोणाला कळलंच नाही, म्हणून टाळ्या पडल्या नाहीत. मग मंदार पूर्ण उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. तो रडत होता. बाकीच्यांनी साथ दिली, काहींनी मनापासून, काहींनी जेवण सुरू झालं या समजुतीने. विंगेत माझी मुलगी ईरा धावत आली. “ओ माय गॉड आजी, दॅट वॉज सिक!”

काकूंनी मला हळूच विचारलं, “म्हणजे चांगलं ना?”

“फार चांगलं, काकू.”

“मग हरकत नाही. आमच्या वेळी निराळे शब्द होते.”

रश्मीने फोनवर घेतलेलं चित्रण मी त्या वेबसाइटवर टाकलं आणि सविस्तर लिहिलं, की के. मूडी म्हणजे कुमुद सबनीस, मुक्काम अबुधाबी. भक्तमंडळींनी मला थापाड्या ठरवलं. एकाने लिहिलं, की कीथ मूडीच्या पवित्र स्मृतीशी हा खेळ आहे. मी पंधरा दिवस त्यांच्याशी भांडलो आणि माझ्या इतक्या वर्षांच्या रॉकच्या ज्ञानाचा तिळमात्र उपयोग झाला नाही. मग एके दिवशी तिथे एका बाईने लिहिलं, की हे चित्रण माझ्या वडिलांनी पाहिलं, ते खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि त्यांना त्या बाईंशी बोलायचं आहे. वडील म्हणजे कॉलिन.

व्हिडिओ कॉल काकूंच्या घरी झाला. फोन मी धरला होता. पडद्यावर एक टकला, गुलाबी म्हातारा, कानात यंत्र. काकूंचं इंग्रजी क्षणात त्या गिरण्यांच्या गावचं झालं. मला निम्मं कळेना. बायका-मुलं, गुडघे, साखर असं सगळं झाल्यावर काकू म्हणाल्या, “कॉलिन, मी आले तेव्हा गॅरेज रिकामं होतं.”

त्याने कानातलं यंत्र चाचपलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग तो म्हणाला, “आम्ही सांगायला आलो होतो. डेरेक आणि मी वेगवेगळे आलो. तुझ्या दारापर्यंत आलो, आत बाळ रडत होतं, परत फिरलो. आम्हाला तुझी भीती वाटायची. तू म्हणाली असतीस, बसा खाली, वाजवा. आणि आम्ही बसलो असतो.”

“बसला असतात ना?” काकू म्हणाल्या. “मग यायचं होतं.”

कॉलिनने चष्मा काढून पुसला. काकूंनी पदराने तोंड टिपलं. आणि मग त्याच म्हणाल्या, “जाऊ दे. पोरं होतात तुम्ही. मी तरी कोण मोठी होते?” कॉलिन आणि डेरेकने त्या भांडणानंतर एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, हेही त्याच कॉलमध्ये कळलं. काकू त्याला जे बोलल्या, त्यात साहेबांकडे मिठाआधी लावलेला तो शब्द बऱ्याचदा आला.

पुढच्या वर्षी मंदारचा प्रोजेक्ट संपला आणि ते सगळे पुण्याला परत गेले. तोपर्यंत उजवा हातही थरथरायला लागला होता. निघताना लिफ्टपाशी काकू म्हणाल्या, “अभय, गिटार सोडू नकोस हं.”

“तुम्हीच म्हणता मला येत नाही.”

“नाहीच येत. पण तुला आवडते. ज्यांना येते ना, त्यांना पुष्कळदा नुसतीच येते.”

गेल्या हिवाळ्यात सकाळी ऑफिसला निघताना मंदारचा फोन आला. काकू झोपेतच गेल्या. मी पार्किंगमध्ये गाडीत थोडा वेळ बसून राहिलो, शिंदे आणि अनिलला कळवलं, आणि मग वर येऊन, इंग्लंडमध्ये उजाडेपर्यंत थांबून, कॉलिनला फोन लावला. त्याला आता फारच कमी ऐकू येत होतं. मी म्हणालो, “कुमुद इज नो मोअर.” तो म्हणाला, “नो मोअर व्हॉट?” मी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्याने सांगितलं, शेवटी बाल्कनीत उभा राहून ओरडून सांगितलं. वरचे इजिप्शियन गृहस्थ बाल्कनीत आले. माझा चेहरा पाहून ते तिथेच उभे राहिले.

कॉलिनला ऐकू गेलं. मग त्याने विचारलं, “डेरेकला कोणी सांगितलं का?”

“नाही. मी शोधतो, कळवतो.”

“नको,” तो म्हणाला. “ते मी सांगायला हवं. तू मला फक्त नंबर दे.”

वेबसाइटवाल्यांना विचारून मी दोन दिवसांनी त्याला नंबर पाठवला. आठवडाभर काही उत्तर नव्हतं. मग एका दुपारी, व्हॉल्वच्या कोटेशनमध्ये मान घालून बसलेलो असताना, कॉलिनच्या मुलीच्या फोनवरून त्याचा मेसेज आला : सांगितलं. तो रडला, मीही रडलो. मग आम्ही तासभर भांडलो. येत्या रविवारी तो माझ्याकडे जेवायला येतोय.